चार किलो तीनशे ऐंशी

पाच वाजता टपालाच्या थैल्या गेल्या की
वाईच्या पोस्टात मी आणि पार्सलचा काटा, दोघंच उरतो.
त्या शुक्रवारी त्याच्यावर मी माझी रात्र मोजली.
पातेलं एकशे दहा. मेणकापडाची पाल तीनशे चाळीस.
ब्रशची दांडी कापून वाचवलेले सहा ग्रॅम.
मुलाणी मास्तरांनी छत्रीच्या कापडातून शिवलेली दुलई
सहाशे नव्वद.
"बाई, ही पांघरणार की पतंग म्हणून उडवणार?"
त्यांनी विचारलं होतं, ओठांतली टाचणी न काढता.
स्वेटर ठेवला, आकडा बघितला,
परत खुर्चीला अडकवला.

वर थंडी असते हे मला ठाऊक होतं.
ठाऊक असण्याला वजन नसतं.

कमळगडाच्या सड्यावर अंधार पडायच्या आत
हेमलता पिसाळने वारा हुंगून जागा निवडली.
शाळेत पीटी शिकवते ती, शिट्टी सुट्टीतही गळ्यात.
पिठलं, त्यावर शेंगदाणे, त्यावर गुळाचा खडा:
"झोपताना पोटात चूल पेटती पाहिजे."
घामाचे मोजे काढायला लावले, कोरडे घालायला लावले,
उकळतं पाणी स्टीलच्या बाटलीत,
बाटली ओढणीत गुंडाळून मांड्यांमध्ये.
मी सगळं केलं, पहिल्या बाकावरच्या पोरीसारखं.
खाली धोमचं पाणी
डांबरासारखं थिजलेलं.

साडेअकरापर्यंत बाटली निखारा होती,
एक वाजता मांजर,
अडीचला नुसती बाटली.

थंडी पडते, असं आपण म्हणतो.
ती पडत नाही. ती खालून चढते,
कातळातून, कुशीच्या हाडातून,
एकेक मणका मोजत.
मी पाठपिशवी रिकामी करून तिच्यात पाय घातले,
दोरीचं वेटोळं कमरेखाली सारलं,
परवाचा पेपर सदऱ्याच्या आत.
पोटावर बाजारभाव, पाठीवर छोट्या जाहिराती,
तरी खुर्चीवरचा तो स्वेटर,
तीनशे पंचाहत्तर ग्रॅम,
डोळ्यांसमोरून हलेना.
लघवीला लागली होती. उठायची छाती नव्हती.

"जागी आहेस?"
"तुझे दात वाजतायत. मला वाटलं उंदीर."
"तुझे नाही वाजत?"
"मी जबडा आवळलाय."

मग तिनं तिची दुलई खाली अंथरली, माझी दोघींवर घेतली,
आणि काही न बोलता पाठीला पाठ लावली.
सत्तेचाळीस वर्षांची मी.
याआधी कुणाची पाठ अशी माझ्या पाठीला लागली होती
ते आठवता आठवता
हाडं आपापल्या जागी परतू लागली.
तिची शिट्टी मागे सरकून
माझ्या खांद्याखाली टोचत होती.
काढ म्हणावंसं वाटलं नाही.

पहाटे गवतावर दहिवर, मीठ सांडल्यासारखं.
सड्यावरचे ढेबे म्हशी घेऊन आले, खांद्यावर घोंगडं.
तीन किलो तरी असेल, मी नजरेनंच जोखलं.
आमच्या श्वासांनी निथळणारी पाल
त्यांनी दोन बोटांच्या चिमटीत उचलली:
"ह्या वल्ल्या फडक्याखाली निजला व्हय?"
हसले नाहीत, म्हणूनच जास्त लाज वाटली.
त्यांच्या चुलीपाशी घोंगडं माझ्या गुडघ्यांवर आलं,
धुराच्या, ताकाच्या वासाचं.
चहा संपला तरी मी कप
रिकामा आहे असं कुणाला कळू दिलं नाही.

सोमवारी काट्यावर
पसरणीच्या एका काकूंचं पार्सल.
मांजरपाटात शिवलेलं, वर ५६ एपीओ, पुढे नुसते आकडे.
"काय आहे आत?"
"पायमोजं. कानटोपी. हातानं इनल्यात."
तीनशे पाच ग्रॅम.
"लई झालं का?"
दुसरा जोड त्यांच्या पिशवीतून डोकावत होता,
वजनाच्या धाकानं मागे ठेवलेला.
मी काटा त्यांच्याकडे वळवला.
"पाचशेपर्यंत पैसे तेवढेच, काकू."
आणि शिवण उसवायला
खिडकीतून कात्री पुढे केली.